ठिपके कुणाचे, जर्सी कुणाची

प्रश्न : नऊ वर्षं आम्ही मेलबर्नला आहोत. मुलगी अकरावीत. तिच्या क्रिकेट क्लबला इंडिजिनस राउंडसाठी (मूळनिवासींच्या सन्मानार्थ खेळली जाणारी सामन्यांची फेरी) खास जर्सी हवी होती. तिने आठवडाभर खपून ठिपक्याठिपक्यांचं सुंदर डिझाइन केलं, सगळ्यांना आवडलंही. मग कमिटीने कळवलं की वापरता येणार नाही, कारण ती ॲबोरिजिनल, म्हणजे इथली मूळनिवासी, नाही. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. आपल्याकडे वारली कुणीही काढतं, कुणी अडवतं का? हा भेदभाव नाही का? आणि जर्सी डिझाइनच्या क्षेत्रात तिला करिअर आहे का?
– एक वडील

उत्तर : नमस्कार. कमिटीचा निर्णय बरोबर आहे, पण तो घ्यायला त्यांनी उशीर केला. आधी ॲबोरिजिनल कलाकार गाठायचा, मग जर्सीचं बोलायचं. यांनी पोरांना कामाला लावलं आणि शेवटी जीभ चावली. त्यामुळे लेकीला एवढं जरूर सांगा, तिचं चित्र वाईट नव्हतं.

वारलीचं म्हणाल तर कुणी अडवत नाही म्हणजे चालतं, असं थोडंच आहे? लग्नाचा चौक सवाशिणींनी लिहायचा असतो. तो आपण चहाच्या मगवर छापतो आणि लिहिणारीला काय मिळालं ते विचारत नाही. ती काही मिरवायची गोष्ट नाही. असो.

डिसेंबर २०२०च्या टी-ट्वेंटी मालिकेत भारताविरुद्ध ऑस्ट्रेलियाने घातलेला ॲबोरिजिनल चित्राचा शर्ट तुम्ही पाहिला असेल. त्याचं डिझाइन आन्टी फिओना क्लार्क आणि कोर्टनी हेगन यांचं. (‘आन्टी’ इथे शेजारच्या काकू नव्हेत, समाजाने दिलेला मान आहे.) क्लार्क या १८६८च्या ॲबोरिजिनल संघातल्या ‘मॉस्किटो’ नावाच्या खेळाडूची खापरपणती. ऑस्ट्रेलियातून परदेशी गेलेला तो पहिलाच क्रीडासंघ. इंग्लंडात त्यांनी ४७ सामने खेळले. त्यातला सगळ्यात गाजलेला खेळाडू उनारिमिन, म्हणजेच जॉनी मुलाघ. बॉक्सिंग डे कसोटीच्या सामनावीराला आता त्याच्या नावाचं पदक देतात, आणि पहिलं पदक आपल्या अजिंक्य रहाणेने घेतलं, त्याच डिसेंबरात. आता बघा, त्या शर्टावरचं चित्र क्लार्कबाईंच्या घरातली गोष्ट आहे. तुमची लेक कितीही गुणी असली तरी ती गोष्ट तिची नाही.

आणखी एक बारकावा. तिने काढलेले ठिपके मेलबर्नचेही नव्हेत. ती शैली मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाकडची. १९७१ साली तिथल्या पापुन्या या वस्तीतल्या माणसांनी ती बोर्डांवर रंगवायला घेतली आणि मग ती जगभर गेली. तुमच्या व्हिक्टोरियात ढालींवर आणि पॉसम या छोट्या प्राण्याच्या कातड्याच्या पांघरुणांवर दिसतात त्या कोरलेल्या रेघा, चौकटी, नागमोडी ओळी. मेलबर्नची भूमी वुरुंजेरी लोकांची. तिथल्या जर्सीवर वाळवंटातले ठिपके म्हणजे कोल्हापूरच्या संघाने बंगालची अल्पना (तिकडची रांगोळी) मिरवण्यासारखं. फेडरेशन स्क्वेअरला कूरी हेरिटेज ट्रस्ट हे ॲबोरिजिनल कला-संस्कृतीचं केंद्र आहे. एखाद्या रविवारी तिला घेऊन जा.

आता करिअर. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण चित्र झालं की जर्सी झाली, असं बहुतेकांना वाटतं. कलाकार देतो कॅनव्हास. तो सपाट. जर्सी मात्र पुढची बाजू, पाठ, दोन बाह्या आणि कॉलर अशा तुकड्यांची. चित्र कागदावर छापून साधारण दोनशे अंशांच्या उष्णतेने पॉलिएस्टरवर उतरवतात, याला सब्लिमेशन म्हणतात. सुती कापडावर हे रंग धरत नाहीत. काखेच्या शिवणीत रेघ तुटली तर? लहान मुलांच्या मापात वर्तुळ आक्रसून टिकलीएवढं झालं तर? छातीवर प्रायोजकाचा लोगो नेमका त्या जागी आला, जिथे कलाकाराने पूर्वजांचं चिन्ह काढलंय, तर? पाठीवरचा नंबर मैदानापलीकडून वाचता यायला हवा, आणि गेरूचा रंग छापल्यावर विटकरी व्हायला नको. प्रत्येक वेळी कलाकाराला विचारायचं, ‘हे इथून इथे सरकवलं तर चालेल का?’ तो नाही म्हणाला, तर गप्प बसून दुसरी वाट काढायची. हे काम करायला माणसं लागतात, आणि त्यासाठी ॲबोरिजिनल असावं लागत नाही.

कागदपत्रं हाही याचाच भाग. किती जर्सी, किती वर्षं, टोपीवर छापायचं का, सगळं करारात हवं. ॲबोरिजिनल झेंड्याचंच घ्या. तो १९७१ साली हॅरॉल्ड थॉमस यांनी केला, पण कपड्यांवर छापायचे हक्क पुढे एका कंपनीकडे गेले. २०२०च्या इंडिजिनस राउंडला एएफएलने (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) त्या कंपनीशी व्यवहार करायला नकार दिला. शेवटी जानेवारी २०२२मध्ये सरकारने दोन कोटी डॉलरहून जास्त मोजून कॉपीराइट घेतला. लेकीला हा किस्सा सांगा. डिझायनरला कायद्याचं थोडं तरी का कळावं लागतं, ते तिला समजेल.

शिक्षणाचं थोडक्यात. बारावीला व्हीसीईमध्ये (व्हिक्टोरियाचा अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम) ‘व्हिज्युअल कम्युनिकेशन डिझाइन’ हा विषय आहे. तो मिळतो का, ते शाळेच्या करिअर टीचरला याच महिन्यात विचारा. पुढे आरएमआयटी किंवा स्विनबर्न विद्यापीठात कम्युनिकेशन डिझाइन. कापडाकडे ओढा असेल तर आरएमआयटीचा ब्रन्सविक कॅम्पस पाहून या. नोकरी फक्त इंडिजिनस राउंडवर चालणार नाही. क्लब, शाळा, कंपन्यांचे टी-शर्ट यांवरच पोट भरेल. फीचं गणित तुमच्या व्हिसावर आहे. पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) असेल तर विद्यापीठात सरकारी अनुदानाची जागा मिळू शकते, पण ‘हेक्स’ हे फीसाठीचं सरकारी कर्ज सहसा नागरिकांनाच. तुम्ही पत्रात व्हिसाचं काही लिहिलेलं नाही, तेवढं कळवा.

तोवर तिला एक काम द्या. गेल्या सीझनची जुनी जर्सी घेऊन सगळ्या शिवणी उसवायच्या आणि तुकडे जेवणाच्या टेबलावर पसरायचे. मग क्लबला सांगा, आता कलाकार शोधा, पैसे ठरवा, आणि चित्र आलं की ते या तुकड्यांवर बसवायचं काम हिला द्या.