स्नेक प्लांट: बुडाशी मऊ पडलेली पानं आणि हिरवं निघालेलं पिल्लू

प्रश्न दोन आहेत. आठवड्यातून दोनदाच पाणी घालूनही पानं बुडाशी मऊ पडून आडवी होतायत, आणि पिवळ्या कडेच्या पानाचा तुकडा लावला तर त्याला पिल्लू (म्हणजे नवं छोटं रोप) साधं हिरवं आलं. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे पण तुम्हाला आवडणार नाही, म्हणून आधी पहिलं घेते.

आठवड्यातून दोनदा हे या झाडाला खूपच जास्त आहे हो. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं झाड, जाड पानात आणि मातीखालच्या गड्ड्यात पाणी साठवून ठेवतं, वर दिवसा पानांवरची छिद्रं बंद ठेवून रात्री उघडतं म्हणजे बाष्प कमी उडावं. असं झाड कुंडीतलं पाणी पिणार किती? त्यात घराच्या कोपऱ्यात उजेड कमी, मग माती वाळतच नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. गंमत म्हणजे पानात स्वतःचा साठा असल्यामुळे वरून झाड कितीतरी दिवस ठणठणीत दिसतं, पान आडवं होतं तेव्हा खाली सगळं आटोपलेलं असतं.

अजून एक घोळ नेहमी होतो. पानांना उभ्या सुरकुत्या पडल्या की लोक तहान लागली समजून अजून पाणी ओततात, पण मुळंच कुजली असतील तर पाणी वर चढणार कसं, तेव्हाही सुरकुत्याच पडतात. म्हणून पान बघून ठरवू नका, माती बघा. लाकडी काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा, गार लागली किंवा माती चिकटून आली तर पाण्याचं नाव नको. कोरडी आली तर मात्र थेंब थेंब नाही, खालून वाहून जाईपर्यंत घाला आणि ताटलीत साठलेलं ओतून टाका. किती दिवसांनी घालू हे कृपया विचारू नका, उन्हाळ्यात पंधरवडा होईल, थंडीत महिना-दीड महिना पण जाईल, ते कुंडी आणि उजेडावर आहे.

आता तुमचं झाड. आजच कुंडीतून काढा, माती झटका. धडधाकट गड्डा नारिंगी-पिवळसर आणि टणक असतो, कुजलेला तपकिरी, दाबला की बोट आत जातं आणि वास येतो तो वेगळा सांगायला नको. मुळं ओढून बघा, वरची साल हातात येऊन आत नुसता दोरा राहिला तर ते मूळ गेलं. स्वच्छ सुरीने सगळं खराब कापा, कापलेल्या जागी तपकिरी डाग दिसत असेल तर अजून वर कापा, डाग दिसेनासा होईपर्यंत. मग दोन-तीन दिवस सावलीत उघडं ठेवून जखम वाळू द्या आणि नव्या कोरड्या मिक्समध्ये लावा: निम्मी नेहमीची माती, निम्मं परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे) किंवा जाड वाळू. कुंडी गड्ड्यापेक्षा बोट-दोन बोटं रुंद, बस. मोठ्या कुंडीत वाढेल म्हणून देऊ नका, जास्तीची माती नुसती ओली राहते. तळाला भोक हवंच, भोक नसलेल्या कुंडीत खाली खडे टाकून काही होत नाही, पाणी तिथेच राहतं. पुन्हा पाणी आठवड्याभराने, तेही बेताने.

आता पिल्लाचं. पिवळी कड आणि मधला हिरवा भाग या मुळातच दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी आहेत, एकाच पानात शेजारी शेजारी वाढलेल्या. तुकड्याच्या कापलेल्या बाजूला नवीन कोंब फुटतो तो हिरव्या पेशींतून, ती जोडी काही परत जमत नाही. त्यामुळे लॉरेंटीची, म्हणजे तुमच्या या पिवळ्या कडेच्या जातीची, कड पानाच्या तुकड्यातून येत नाही, पाण्यात ठेवा नाहीतर मातीत. कड हवी तर गड्डाच विभागायचा. गड्ड्यातून फुटलेल्या पिल्लाला तीन-चार पानं आणि स्वतःची मुळं आली की मधला जोड कापायचा, वाळवायचा, लावायचा. उबदार दिवसांत केलं तर पटकन धरतं.

साध्या हिरव्या जातीला तुकडे चालतात. चार-पाच बोटं लांबीचे करा आणि खालची बाजू कुठली ते कापतानाच खूण करून ठेवा, तिथे उलट्या व्हीसारखा काप दिला की प्रश्नच नाही, कारण उलटं लावलं तर मुळं फुटत नाहीत. मुळं यायला महिना-दोन महिने लागतात, पिल्लू मातीबाहेर यायला आणखी काही महिने, तोवर तुकडा उपटून बघायचा मोह आवरा 😄

उजेडाबद्दल एवढंच की अंधाऱ्या कोपऱ्यात ते जगतं, वाढत नाही. खिडकीजवळ ठेवा, पण एकदम कडक उन्हात नेऊ नका, हळूहळू सरकवा. आणि हवा शुद्ध करतं म्हणून बेडरूममध्ये ठेवलं असेल तर ठेवा खुशाल, पण १९८९ चा तो नासाचा अभ्यास बंद पेटीतला होता, खऱ्या खोलीत खिडकी उघडल्याने जे होतं तेवढं करायला झाडांचं जंगल लागेल. मांजर किंवा कुत्रा असेल तर मात्र उंचावर ठेवा, पानात सॅपोनिन नावाचं त्यांना बाधणारं द्रव्य असतं, चावलं की लाळ गळते, उलट्या होतात.

ते हिरवं पिल्लू टाकू नका, कडेवाल्यापेक्षा जोमाने वाढतं. फक्त दोघांना एका कुंडीत ठेवू नका, हिरवं सगळी जागा खाऊन टाकेल.