वेव्ह बायोरिअॅक्टरमध्ये (रॉकरवर हेलकावणारी, पेशी वाढवायची बॅग) सीएचओ पेशी (औषधी प्रथिनं बनवायला वापरतात त्या हॅमस्टरच्या पेशी) मरू नयेत म्हणून रॉकिंग, म्हणजे हेलकावणं, कमी ठेवावं का?

नाही. आणि हा सल्ला तुम्हाला कुणी दिला असेल ते मी अंदाजाने सांगू शकते: बॅक्टेरियाच्या फर्मेंटरवर आयुष्य काढलेले कुणीतरी सर.

आमच्याकडेही होते. 20 लिटरची बॅग, आत 10 लिटर मीडिया (पेशींचं पोषक द्रव), तिसरा दिवस, व्हायबिलिटी (जिवंत पेशींचं प्रमाण) 96 टक्के. रॉकर 20 आरपीएमवर, कोन 7 अंश. संध्याकाळी सर आले, लाट बघून म्हणाले, "अगं, यांना पेशीभित्तिका नसते. पाळणा हलवतात तसं हलव." आणि स्वतःच 8 आरपीएम, 4 अंश करून घरी गेले. मी नवी होते, गप्प बसले.

सकाळी बॅगेच्या कडेला घडीत पांढरट साका बसला होता, भिजवलेल्या तांदळाच्या पाण्यात तळाला बसतो तसा. डीओ (द्रवात विरघळलेला ऑक्सिजन) शून्य. ट्रायपॅन ब्ल्यू घालून पाहिलं तर निम्म्याच्या आसपास पेशी निळ्या, म्हणजे मेलेल्या. डेव्हिएशनमध्ये (काय बिघडलं त्याच्या नोंदीत) लिहिलं गेलं: "मीडियाचा लॉट संशयास्पद." तो लॉट पुढे दोन बॅचना वापरला, काही झालं नाही. हे कुणी परत उघडलं नाही.

बॅगेत आपण खालून बुडबुडे सोडत नाही. ऑक्सिजन मिळतो तो पृष्ठभागातून, आणि तो पृष्ठभाग सतत पालटत ठेवते ती लाट. लाट मेली की पेशी खाली बसतात आणि गुदमरतात. स्टीलच्या टाकीत पेशींना मारतो तो मुख्यतः वर येऊन फुटणारा बुडबुडा, पंखा नव्हे. प्लुरॉनिक एफ-68 हे पेशींना वाचवणारं द्रव्य घालतात ते त्यासाठीच. विजय सिंग यांनी 1999 मध्ये हे तंत्र प्रसिद्ध केलं तेव्हाच 100 लिटरपर्यंत चालवून दाखवलं होतं, पाळण्यासारखं नव्हे, लाटेनेच.

तर तुमचा आकडा? तो पेशींची घनता आणि भरलेला मीडिया बघून ठरतो, मला नुसता विचारून उपयोग नाही. डीओ घसरायला लागला की आधी आरपीएम, मग कोन वाढवा. बदल कुणी केला, किती वाजता, हे बॅच रेकॉर्डमध्ये त्याच्याच सहीने लिहून घ्या. सर असले तरी. सर असले तर आधी.

अर्थात, सुरुवातीला बॅगेत दोनच लिटर असतील तर मीही हळूच चालवते, तिथे सर बरोबर होते. अतिवेगाने फेस होतो हेही खरं. निम्म्याहून जास्त बॅग भरू नका.

आणि एक्झॉस्ट फिल्टरचा (बॅगेतली हवा बाहेर जाते त्या फिल्टरचा) हीटर चालू आहे ना बघा. फिल्टर ओला होऊन तुंबला की बॅग पुरीसारखी फुगते. तेव्हाही रात्रपाळी माझीच होती.