सेकंड हँड स्कोडा ऑक्टाव्हिया: १.४, १.८ की डिझेल? माझं मत जरा सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दहा लाखाच्या आसपास बजेट आहे, २०१४ ते २०१९ मधली ऑक्टाव्हिया घ्यायचं नक्की झालंय, रोज बावधन ते हिंजवडी आणि परत, दोन महिन्यांतून एकदा कोल्हापूरला आईवडिलांकडे, आणि गाडी चालवायला मजा आली पाहिजे ही अट. वडील म्हणतायत डिझेल घे, ऑफिसमधले मित्र म्हणतायत १.८ लिटर पेट्रोल ऑटोमॅटिकच घे, आणि तुम्हाला स्वतःला १.४ लिटर पेट्रोल मॅन्युअल परवडेल असं वाटतंय पण ती "कमी पडेल" अशी भीती आहे. मी २०१४ ची १.८ वापरतो, २०१८ मध्ये ४१ हजार रनिंगवर सेकंड हँडच घेतली, आज १ लाख १८ हजार झालंय. मेहुण्याकडे १.४ मॅन्युअल आहे, तीही भरपूर चालवलीय. त्यामुळे दोन्हीबद्दल हाताने अनुभवलेलं सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्ही इंजिनात निवड करताय असं तुम्हाला वाटतंय पण खरी निवड गिअरबॉक्सची आहे. आपल्याकडे १.४ टीएसआय (टर्बो पेट्रोल) फक्त ६ स्पीड मॅन्युअलमध्ये आली, १.८ टीएसआय फक्त ७ स्पीड डीएसजीमध्ये (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि २.० टीडीआय (टर्बो डिझेल) ६ स्पीड मॅन्युअल किंवा ६ स्पीड डीएसजी. आता डीएसजी डीएसजी म्हणून सगळे एकच नाव घेतात पण हे दोन डीएसजी अगदी वेगळे आहेत. १.८ वाला तो डीक्यू २००, त्याचे दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे साध्या मॅन्युअल गाडीत असतो तसाच प्रकार, दोन आणि कॉम्प्युटरने चालवलेले. गरम झाले तर ती उष्णता जायला हवेशिवाय काही नाही. डिझेलवाला डीक्यू २५०, त्याचे क्लच तेलात बुडालेले, तेल उष्णता ओढून घेतं, फक्त दर ६० हजार किलोमीटरला ते तेल आणि फिल्टर बदलायचा खर्च असतो. ट्रॅफिकमध्ये कोणता जास्त सहन करेल हे सांगायला नको.

आणि इथेच तुमची अडचण आहे बघा. हिंजवडीच्या ट्रॅफिकला कंटाळून माणूस ऑटोमॅटिक घेतो, आणि कोरड्या क्लचच्या डीएसजीला सगळ्यात जास्त त्रास नेमका त्याच ट्रॅफिकचा होतो, कारण गाडी पायरी पायरीने पुढे सरकताना क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि घासत राहतो. त्यात आपला मे महिना. या गिअरबॉक्सची मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक युनिट, हा जगभर चर्चेतला विषय आहे, २०१३ मध्ये स्कोडाची मूळ कंपनी फोक्सवॅगन ग्रुपने जगभरातल्या गाड्या परत बोलावून ७ स्पीडवाल्याचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालून दिलं होतं. म्हणून काय प्रत्येक गाडी बिघडते असं नाही, माझी व्यवस्थित चालू आहे. पण मेकॅट्रॉनिक बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या वर जातं, हे धरूनच गाडी घ्यायची. मी घेतली तेव्हा दीड लाख बँकेत वेगळे काढून ठेवले होते आणि त्याला आजतागायत हात लावला नाही.

आता पॉवरचं. १.४ ला २०१७ च्या फेसलिफ्टआधी (त्याच गाडीचं थोडे बदल केलेलं मॉडेल) १४० पीएस, नंतर १५०. १.८ ला १८०. डिझेलला १४३. ही झाली ब्रोशरमधली माहिती, पण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, बघा, १.४ ला २५० एनएम आणि १.८ लाही २५० एनएमच. कारण सांगतो. हेच १.८ इंजिन सुपर्बमध्ये मॅन्युअलला ३२० एनएम देतं, आणि त्याच सुपर्बच्या ऑटोमॅटिकला २५०, कारण हा डीक्यू २०० गिअरबॉक्स २५० च्या वर झेलतच नाही, म्हणून कंपनीने इंजिनालाच लगाम घातलाय. त्यामुळे शहरात, दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही गाड्या तुम्हाला सारख्याच जोरकस वाटतील. फरक कुठे पडतो, तर १.४ चा तो टॉर्क १५०० ते ३५०० आरपीएमपर्यंत पुरतो आणि नंतर हळूहळू उतरतो, १.८ चा १२५० पासून थेट ५००० पर्यंत सपाट राहतो. साताऱ्याच्या पुढे मोकळा रस्ता लागला, पुढे दोन ट्रक एकमेकांना ओव्हरटेक करतायत, ते बाजूला झाले की तुम्ही पाय दाबता, तिथे १.८ जी सुटते ती सुटतच राहते, आणि १.४ मध्ये तुम्हाला चौथा टाकावा लागतो. टाकला की तीही जाते. मेहुण्याची गाडी घेऊन मी खंबाटकी चढलोय, चार माणसं आणि डिकी भरून (५९० लिटरची डिकी आहे, आमच्याकडे ती भरतेच), कुठेही दम लागला नाही. तेव्हा "कमी पडेल" ही भीती मनातून काढून टाका.

पण एक गोष्ट मी प्रामाणिकपणे १.८ च्या बाजूने सांगणार. १.८ ला मागचं सस्पेन्शन मल्टी-लिंक आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात, १.४ आणि डिझेलला साधा टॉर्शन बीम, त्यात ती एका दांड्याने जोडलेली असतात. आंबा घाटात वळणाच्या मधोमध रस्ता उखडलेला असतो ना, तिथे माझी गाडी मागच्या चाकावर खड्डा घेऊन ओळीत राहते, मेहुण्याची मागून जरा उडते, बाजूला सरकल्यासारखं वाटतं. धोकादायक अजिबात नाही, पण तुम्ही चालवायची मजा ही अट घातलीय म्हणून सांगतोय, ती मजा पॉवरपेक्षा या मागच्या सस्पेन्शनमध्ये जास्त आहे असं माझं मत आहे. टेस्ट ड्राइव्हला दोन्ही गाड्या एकाच खराब रस्त्यावरून न्या, पाठीला लगेच कळेल.

वडिलांचं डिझेल. त्या पिढीचं बरोबर आहे, २००१ मध्ये औरंगाबादच्या शेंद्र्यातून पहिली ऑक्टाव्हिया आली ती लोकांच्या मनात बसली तीच १.९ टीडीआयमुळे, ९० पीएसची पण लाखो किलोमीटर कुरकुर न करता चालणारी. आणि २.० टीडीआयही दमदार आहे, ३२० एनएम, हायवेला पाचवा सहावा बदलायचीच गरज पडत नाही. हिशोब करून बघू. रोजचे २४ किमी, महिन्याचे २२ दिवस, वर कोल्हापूरचे सरासरी धरून महिन्याला साधारण ७५० किमी. पेट्रोल ११ चा ॲव्हरेज आणि १०४ रुपये, डिझेल १५ चा आणि ९० रुपये धरलं तर पेट्रोलला सात हजार शंभर आणि डिझेलला साडेचार हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजाराच्या आसपास वाचतात. वर्षाला तीस हजार, कमी नाहीत. पण त्याच दहा लाखात पेट्रोल गाडी तुम्हाला ५०-६० हजार रनिंगची बघायला मिळेल आणि डिझेल सव्वा ते दीड लाखाची, कारण डिझेल घेणाऱ्याने ती पळवण्यासाठीच घेतली होती. तेवढ्या रनिंगला टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील, इंजेक्टर, टर्बो हे सगळं एकामागून एक दाराशी येऊन उभं राहतं. आणि रोज १२ किलोमीटरच्या रांगत चाललेल्या फेऱ्यांत डिझेल नीट तापतही नाही, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने चोंदतो. महिन्याला पंधराशेच्या वर रनिंग असतं तर मीच तुम्हाला डिझेल घ्या म्हटलं असतं. तुमच्या वापराला नको.

स्वस्त डिझेल म्हणून दिल्ली पासिंगची गाडी दाखवतील, डिझेल गाडी १० वर्षांनंतर चालवू न देण्याच्या तिथल्या नियमामुळे तिकडच्या बऱ्याच डिझेल गाड्या इकडे आल्या. गाडी चांगलीही असू शकते, पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच पासिंग हे सगळं धरून मग किंमत बोला, आणि फरक फारसा उरत नाही असंच दिसतं.

१.८ बद्दल आणखी एक ऐकलं असेल, "ऑइल पिते, चेन जाते". ही बदनामी मुख्यतः लॉरातल्या (आपल्याकडे ऑक्टाव्हियाची आधीची पिढी या नावाने विकली गेली) १६० पीएसवाल्या जुन्या १.८ ची आहे. ऑक्टाव्हियातलं १८० पीएसवालं त्याच्या पुढच्या पिढीचं इंजिन. तरी टायमिंग चेन ही चेनच, सकाळी थंड इंजिनावर स्टार्ट करून कान देऊन ऐका, दोन तीन सेकंद खळखळ आवाज आला तर ती गाडी सोडून द्या. आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिक हाउसिंग, तिथून कूलंट झिरपणं हे या इंजिनात ठरलेलं दुखणं आहे, बोनेट उघडून टॉर्च मारा, गुलाबी वाळलेला डाग दिसतो. १.४ ला चेन नाही, बेल्ट आहे.

१.८ बघायला गेलात तर रिमॅपिंग, म्हणजे पॉवर वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं, केलंय का हे तोंडावर विचारा. बऱ्याच जणांनी तो टॉर्कचा लगाम काढायला ट्यून करून घेतलेलं असतं आणि विकताना परत ओरिजिनल फाइल टाकतात, इंजिनाला त्याने सहसा काही होत नाही पण त्या कोरड्या क्लचने तो जास्तीचा टॉर्क झेललेला असतो, आणि तो क्लच आता तुमच्याकडे येणार असतो.

गाडी बघताना काय करायचं ते एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. मागच्या वर्षी एका मित्रासाठी १.८ बघायला एका डीलरकडे गेलो. मीटर ५८ हजार. गाडी चकाचक, टायर नवे, आतून अत्तराचा वास. मी आधी स्टीअरिंगला हात लावला, तर दहा आणि दोनच्या जागी लेदर काचेसारखं गुळगुळीत झालेलं. ब्रेक पेडलच्या रबराची उजवी कड झिजून आतला पत्रा दिसत होता. ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या उशीचा कापूस दबून ती बसलेली. ५८ हजारात हे होत नाही. आरसी आणि चासी नंबर घेऊन सर्व्हिस रेकॉर्ड काढलं तर दोन वर्षांपूर्वीची शेवटची नोंद १ लाख १२ हजारावर. मीटर मागे केलेला. डीलरला दाखवलं तर तो म्हणाला किंमत कमी करतो. आम्ही तिथून निघालो. सांगायचा मुद्दा, सर्व्हिस हिस्टरी कागदावर दाखवतात ती नाही, चासी नंबरवरून स्वतः काढायची.

डीएसजी असेल तर थंड गाडी मागा, आधी चालवून तापवून ठेवलेली नको. मग सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प असतो तसा चढ शोधा. ब्रेक सोडा, ॲक्सिलरेटरला हात... म्हणजे पायही लावू नका, गाडी गुळगुळीत सरकली पाहिजे, थरथर नको. मग रिव्हर्समध्ये तोच चढ, तिथे क्लचची खरी अवस्था दिसते. डी मधून आर आणि परत डी, धक्का किंवा थांबून विचार करणं नको. मग अर्धा तास ट्रॅफिकमध्ये न्या आणि थांबत थांबत येताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येतानाचा झटका बघा. डॅशवर गिअरचं अक्षर लुकलुकतं का बघा. स्कॅनर लावून देणारा चांगला मेकॅनिक सोबत न्या, त्यात गिअरबॉक्सचे जुने एरर कोड आणि क्लचचे आकडे दोन्ही निघतात. त्याचे दोन-तीन हजार घेईल, बिनधास्त द्या.

आणि घेतलीतच १.८, तर ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट धरून गाडी रांगत ठेवू नका. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो. पुढच्या गाडीला चार फूट जाऊ द्या, मग एकदाच जा, परत पूर्ण ब्रेक. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. माझ्या क्लचने इतकं रनिंग काढलं ते मला वाटतं या एका सवयीमुळेच.

पेट्रोलचंही लक्षात घ्या, या दोन्ही टर्बो गाड्यांना ९५ ऑक्टेन मानवतं, पंपावरचं साधं पूर्वी ९१ चं असायचं, घाटात आणि उन्हात फरक कळायचा. आता सगळीकडे ई २० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलंय आणि या बीएस ४ च्या, म्हणजे जुन्या प्रदूषण नियमांच्या गाड्या, तेव्हा टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते आणि मॅन्युअल वाचा, रबरी होज मेकॅनिकला एकदा तपासायला सांगा.

आरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची जास्त पॉवरची स्पोर्टी आवृत्ती, तिचंही विचारलंत, २.० टीएसआय २३० पीएस आणि तेलातल्या क्लचचा ६ स्पीड डीएसजी, म्हणजे कागदावर सगळ्या प्रश्नांचं उत्तर तीच. पण तुमच्या बजेटमध्ये चांगली मिळणार नाही आणि मिळाली तर ती का स्वस्त आहे याची चौकशी करावी लागेल. त्यापेक्षा दोनेक वर्षं थांबून बजेट वाढवायची तयारी असेल तर २०२१ ची नवी ऑक्टाव्हिया बघा, २.० टीएसआय, १९० पीएस, ३२० एनएम, आणि तिचा ७ स्पीड डीएसजी तेलातल्या क्लचचा आहे. ऑटोमॅटिकच हवी हा हट्ट असेल तर मी तरी त्यासाठी थांबेन.

आज घ्यायची तर तुमच्यासाठी माझं मत २०१७ नंतरची फेसलिफ्ट १.४ मॅन्युअल, १५० पीएसवाली. बाजारात कमी आहेत, दोन तीन महिने शोधावी लागेल, पुण्यात नाही मिळाली तर नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर बघा, तिकडे ट्रॅफिकही कमी त्यामुळे क्लच चांगल्या अवस्थेत मिळतो. क्लच हलका आहे, हिंजवडीला डावा पाय थोडा दुखेल, पण बदलायचा झाला तरी मेकॅट्रॉनिकच्या बिलापेक्षा बराच स्वस्त. कुठली गाडी नजरेत आली तर तिचं साल, रनिंग आणि शेवटच्या दोन सर्व्हिसची बिलं टाका, मी बघून सांगतो. शनिवारी पुण्यातच असतो, जवळपास असेल तर चढावर रिव्हर्स करून बघायला सोबतही येईन.