तोच तयार नाही, मग मी येऊन उपयोग काय?

व्यसनी माणसाची बायको, आई किंवा बहीण समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसली की हा प्रश्न ठरलेला. त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा हळू आवाजात : "घराबाहेर काढलं तर तो रस्त्यावर मरेल. नाही काढलं तर आम्हीच रस्त्यावर येऊ. करू काय?"

ही दुसरी भीती खरी ठरलेल्या एका कुटुंबाबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्या बाईंना मी नुसतं ताई म्हणते.

ताई पिंपरी-चिंचवडमधल्या एका खानावळीत पोळ्या लाटायच्या. नवरा रंगारी. हात चांगला, कामाला मरण नाही. दारू आधी पगाराच्या दिवसापुरती होती, मग रोजची झाली, मग सकाळी उठल्याउठल्या लागायला लागली. खोलीचा अकरा महिन्यांचा करार त्याच्या नावावर. भाडं थकत गेलं तसा एक दिवस तो गुपचूप मालकाकडे गेला, थकबाकी वळती करून उरलेलं डिपॉझिट उचललं आणि पिऊन टाकलं. ताईंना हे कळलं ते मालक कुलूप बदलायला माणूस घेऊन आला तेव्हा. कुकर, शिलाई मशीन, दोन मुलांची दप्तरं, सगळं जिन्यात.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका रात्रीत झालं. तसं नसतं. आधी नातेवाइकांकडचं उसनं संपतं, मग वाण्याची उधारी, शेवटी घरमालकाचा धीर. आणि तोवर घरातली बाई सगळं झाकत असते. ताईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की नवरा बाहेरगावी साइटवर असतो. सख्खी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, तिलाही पत्ता नव्हता. अब्रूसाठी झाकायचं म्हणतात, पण झाकता झाकता वेळेला धावून येणारी माणसंच तुटतात.

पहिल्या रात्री ताई मुलांना घेऊन एसटी स्टँडवर बसल्या. रात्र निवारा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास आणि बारा महिने चालणारा निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलं आहे. पण निवारे बहुतेक पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. नवरा, बायको, मुलं एका छपराखाली राहतील असे कमीच. अडचणीतल्या बाईने १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला तर निदान जवळच्या जागेची चौकशी तरी होते. ताईंनी दुसऱ्या दिवशी बहिणीला फोन केला. तीही एका खोलीत चौघांसह राहणारी. ती म्हणाली, "तू ये, पोरांना आण. भावोजी नकोत."

भावोजी मग बंद दुकानाच्या ओट्यावर झोपू लागले. ताई रोज रात्री खानावळ आवरून त्यांना डबा नेऊन द्यायच्या, आणि सोबत शंभर रुपये.

"पैसे कशाला?" मी विचारलं.

"नाही दिले तर हात थरथरतात हो त्यांचे, मॅडम. घाम सुटतो. एकदा भिंतीवर किडे दिसतात म्हणाले."

सगळे ताईंना मूर्ख म्हणत होते, पण त्यांनी नेमकं पाहिलं होतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत भास होऊ शकतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. म्हणून 'पैसे बंद करा, आपोआप सुटेल' असा सल्ला मी देत नाही. दारू तोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. आम्ही आधी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीच्या वेळा काढल्या, तो हो म्हणाला तर कोण सोबत जाईल ते ठरवलं, आणि मग डब्याकडे वळलो.

डबा चालू ठेवायचा, पण रात्रीऐवजी सकाळी. रात्री तो शुद्धीत नसायचा. सकाळी पहिला घोट पोटात गेला की हात स्थिर व्हायचा आणि बोलणं कळायचं. तेव्हा दोन मिनिटं बसायचं, मुलांबद्दल सांगायचं. तर्र असेल तर डबा ठेवून निघायचं. भांडण नाही, शपथा नाहीत. पैसे मात्र हळूहळू कमी करायचे, आणि तसं त्याला आधी सांगून. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी घरच्या माणसांना शिकवण्यासाठी 'क्राफ्ट' नावाची पद्धत बसवली, तिचं सूत्रच हे : शुद्धीत असताना जवळीक, प्यायल्यावर अंतर. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका चाचणीत, आधी उपचाराला नकार देणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोक घरच्यांच्या अशा वागण्यामुळे उपचारापर्यंत आले. सगळ्यांनी मिळून घेरून दरडावण्याच्या पद्धतीत हेच प्रमाण ३० टक्के होतं. दरडावून दारू सुटत असती तर प्रत्येक पोलीस चौकीत व्यसनमुक्ती केंद्र काढता आलं असतं.

मला त्याच चाचणीतली आणखी एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. पिणारा उपचाराला येवो न येवो, मदत घेणाऱ्या घरच्या माणसाची तब्येत आणि मन सुधारलं. सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. तो तयार नसला तरी तुम्ही या.

ताईंच्या बाबतीत माणसं जमत गेली ती अशी. खानावळीच्या मालकीणबाईंनी सामान मागच्या पडवीत ठेवून घेतलं. मुलांच्या शाळेचा प्रश्न होता, कारण बहिणीचं घर लांब. शिक्षण हक्क कायद्यानुसार जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे तिथल्या सरांना माहीत होतं. त्यांनी त्याच आठवड्यात दोघांना वर्गात बसवलं. रेशन बहिणीच्या गल्लीतल्या दुकानातून त्याच कार्डावर मिळू लागलं.

आणि बायकांची बैठक. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. अल-अनॉन या, दारुड्यांच्या घरच्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या सभाही असतात, तिथे फी नाही की नाव-गाव सांगायची सक्ती नाही. ताई पहिल्यांदा गेल्या तेव्हा कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसून होत्या. शेजारची म्हणाली, "मी तर देवळात देवालासुद्धा खोटं सांगायचे, हे आजारी आहेत म्हणून." ताई फसकन हसल्या. त्यानंतर कुठे बोलायला लागल्या.

मधे नणंदेने चहात घालायची पावडर आणली, 'त्याला कळणारही नाही' म्हणत. असल्या पुडीत दारूची रिॲक्शन आणणारं औषध असू शकतं. माणसाला न सांगता दिलं आणि तो वर प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. पुडी टाकून द्यायला लावली.

ज्यांचं छप्पर अजून शाबूत आहे त्यांच्यासाठी एक सांगते. मारझोड होत असेल तर घर तुम्हीच सोडायला हवं असं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात नवऱ्याला घराबाहेर राहण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. उपचाराच्या चौकशीसाठी १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तुमची स्वतःची झोप उडाली असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

पावसाळा लागला, ओटा भिजला, त्याला ताप भरला. सकाळच्या डब्याच्या वेळी तोच म्हणाला, "तुझ्या त्या मॅडमना विचार." रुग्णालय, मग महिनाभर केंद्र. गणपतीत पुन्हा प्यायला. असं होतं, पुष्कळांचं होतं. या वेळी ताईंनी लपवलं नाही, त्याच दिवशी बैठकीत सांगितलं. आठवड्याभरात तो पुन्हा ओपीडीत होता.

आता तो ठेकेदाराच्या गोदामात झोपतो, कामावर जातो, रविवारी दिवसा मुलांना भेटायला येतो. ताईंनी बचत गटाच्या कर्जातून डिपॉझिट भरून खोली घेतली आहे, करार स्वतःच्या नावावर. सासूबाई दर आठवड्याला फोन करून विचारतात, "त्याला घरात कधी घेणार?" ताई म्हणतात, "अकरा महिन्यांचा करार आहे, आई. तो संपेपर्यंत विचारू नका."