लघवी गळण्याची तपासणी वहीपासून सुरू होते

ताई, आईंना खोकला-शिंक आली की लघवी होते, त्यामुळे त्यांनी लोकलचा प्रवासच सोडलाय, आणि डॉक्टरांकडे नेलं तर लगेच नळ्या घालतील का, असं तुम्ही विचारलंय. मी महापालिकेच्या रुग्णालयात यूरोलॉजीच्या, म्हणजे मूत्रविकारांच्या, ओपीडीत सिस्टर होते, म्हणून सविस्तर लिहिते. नळीची तपासणी बऱ्याच जणींना लागतच नाही.

निदानाचा मोठा भाग बोलण्यातूनच होतो. खोकताना, जड पिशवी उचलताना थोडी निसटते, की अचानक घाईची लागते आणि दाराचं कुलूप उघडेपर्यंत धीर धरवत नाही? हे दोन वेगळे प्रकार, उपचारही वेगळे. उतारवयात दोन्ही एकत्र असणंही नेहमीचंच. पण आपल्या बायका आत गेल्या की "कंबर दुखते, अशक्तपणा आहे" एवढंच सांगायच्या आणि खरी तक्रार दाराशी, निघताना, हळू आवाजात. तोवर पुढचा पेशंट आत आलेला असायचा. म्हणून आईंना पहिलं वाक्य लघवीचंच बोलू द्या.

आणि जाण्याआधी ३ दिवसांची वही भरा. कधी, काय, किती प्यायल्या. कधी लघवी झाली, मापाच्या मगात किती मिली भरली. गळली तेव्हा काय करत होत्या. रात्री किती वेळा उठल्या. जागेपणी ८ वेळांपर्यंत जाणं साधारण ठीक मानतात. लोकलमध्ये शौचालय नाही, म्हणून मुंबईत कितीतरी जणी पाणी न पिताच घराबाहेर पडतात. वहीच्या दिवसांत असं पाणी तोडू नका, नाहीतर खरं चित्र दिसणारच नाही. शक्य तर एक दिवस बाहेर जाण्याचाही असू द्या.

चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या न्या. रक्तदाबाच्या काही औषधांनीही लघवी गळते.

दवाखान्यात लघवीची तपासणी होते, कारण जंतुसंसर्गानेही असा त्रास होतो, साखरही बघतात. मग आतून तपासून अंग खाली आलंय का ते पाहतात आणि भरल्या मूत्राशयावर खोकायला सांगतात. त्यामुळे नंबर लागायच्या आधी आईंनी लघवीला जाऊन येऊ नये. नंतर लघवी करून सोनोग्राफी : आत ५० मिलीपेक्षा कमी उरली तर चांगलं, २०० च्या वर उरली तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही आणि साठलेली लघवी ओसंडून गळत असू शकते. जुना मधुमेह असलेल्यांत हे आवर्जून बघावं लागतं.

यूरोडायनॅमिक्स, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजणारी नळीची तपासणी, शक्यतो शस्त्रक्रियेचा विचार असेल, लक्षणांचा मेळ बसत नसेल किंवा मज्जातंतूंचा आजार असेल तेव्हा. मूत्राशयात एक बारीक नळी, गुदद्वारात दुसरी. सलाइन हळूहळू भरतात, मध्ये खोकायला लावतात, शेवटी लघवी करायला सांगतात. अवघडल्यासारखं होतं, नंतर एखादा दिवस जळजळही होते. पण ताप आला तर लगेच कळवा. मूत्राशयाची दुर्बिणीची तपासणी प्रत्येकीला नसते; लघवीतून रक्त जात असेल तर मात्र बहुधा करतात.

रक्त दिसलं तर वही भरण्यात दिवस घालवू नका, लवकर दाखवा. लघवीचा ताबा अचानक सुटला आणि पायांत ताकद कमी वाटली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर ओपीडीची वाट न बघता त्याच दिवशी कॅज्युअल्टीत न्या.

मुंबईत महापालिकेच्या केईएम, सायन, नायर या तिन्ही रुग्णालयांत यूरोलॉजी विभाग आहे. आतून तपासणीला आई संकोचत असतील तर स्त्री डॉक्टर हव्यात असं आधीच सांगा, आणि तुम्हीही सोबत थांबा.