राहेल आणि हन्ना यांनी गप्प राहून देवाच्या वेळेची वाट पाहिली होती का?

लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. धाकट्या जावेला दोन मुलं आहेत आणि सणावारी घरात त्यावरून तुम्हाला ऐकवलं जातं. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले लोक मात्र "राहेल बघ, हन्ना बघ, देवाच्या वेळेवर भरवसा ठेव" एवढं सांगून मोकळे होतात. या बायकांनी खरंच गप्प राहून वाट पाहिली होती का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. दोघींपैकी एकीनेही नाही. बायबल अभ्यासवर्गात ही वचनं मी अनेकदा शिकवली आहेत, आणि मूल नसलेल्या बाईला गप्प बसवायला ती वापरली जातात तेव्हा मला मनापासून त्रास होतो.

आधी राहेल. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात ती नवऱ्याला, याकोबाला, म्हणते, "मला मुलं दे, नाहीतर मी मरेन." याकोब भडकतो: "मी काय देवाच्या ठिकाणी आहे? तुला मूल देत नाही तो देवच." बोलणं चूक नाही, पण रडणाऱ्या बायकोला हे ऐकवून काय साधलं? याच याकोबाच्या आईला, रिबकाला, लग्नानंतर २० वर्षं मूल नव्हतं. त्याच्या बापाने, इसहाकाने, तिच्यासाठी परमेश्वराला विनंती केली आणि तेव्हा जुळे झाले. त्यातला धाकटा हा याकोब. बापाच्या प्रार्थनेतून जन्मलेल्या या माणसाने राहेलसाठी तशी प्रार्थना केल्याचं एकही वचन नाही.

राहेलची थोरली बहीण लेआ हीसुद्धा याकोबाचीच बायको, आणि दोघी बहिणींतलं वैर त्यांनी स्वतःहून ओढवून घेतलेलं नव्हतं. राहेलसाठी याकोब ७ वर्षं राबला आणि त्या दोघींच्या बापाने, लाबानाने, रात्रीच्या अंधारात राहेलऐवजी लेआला त्याच्याकडे पाठवलं. राहेलसाठी त्याला आणखी ७ वर्षं राबावं लागलं. फसवलं बापाने, उघड डावंउजवं केलं नवऱ्याने, आणि एकमेकींचा हेवा करत राहिल्या त्या दोघी. लेआच्या मुलांची नावं वाचताना मला नेहमी थांबावंसं वाटतं. रऊबेन झाला तेव्हा ती म्हणते, आता माझा नवरा माझ्यावर प्रीती करील. तिसऱ्या लेवीच्या वेळीही तेच, आता तरी तो माझ्याशी मिळून राहील. भरल्या ओटीची बाईसुद्धा आतून उपाशी होती. तुमची जाऊ तशी आहे असं मी म्हणत नाही, मला ते ठाऊकही नाही. पण दोन बायकांना असं समोरासमोर उभं कोण करतं, हे तुमच्या घरातही नीट पाहा.

मूल व्हायला गुणकारी मानलेली रानातली फळं राहेलने लेआकडून मागून घेतली, त्या बदल्यात नवऱ्याची एक रात्र दिली. फळं घेतली राहेलने आणि दिवस गेले लेआला. त्यानंतर लेआला आणखी एक मुलगा आणि दीना ही मुलगी झाली, आणि मग कुठे वचन येतं की देवाने राहेलची आठवण केली. योसेफ झाला. उपाय करून पाहिला म्हणून त्या अध्यायात तिला कुणी दोष देत नाही. म्हणून डॉक्टरकडे जाण्याला कुणी अविश्वास म्हणत असेल तर ऐकू नका. आणि तपासणी दोघांचीही करा. कारण पुरुषातही असू शकतं.

आता हन्ना, बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा पहिला अध्याय. तिचा नवरा एलकाना दरवर्षी कुटुंबाला घेऊन शिलो इथल्या परमेश्वराच्या मंदिरात यज्ञ करायला जाई. सवत पनिन्ना, तिची मुलंमुली, सगळे एकत्र जेवायला. तिथे वर्षानुवर्षं पनिन्ना हन्नाला चिडवायची, अगदी जिव्हारी लागेल असं. सणाचा दिवस, भरलेलं ताट, आणि हन्नाच्या घशाखाली घास उतरत नाही. नवरा प्रेमळ आहे, पण समजूत काढतो ती अशी: "मी तुला दहा मुलांपेक्षा अधिक नाही का?" हन्नाने याचं काही उत्तर दिल्याची नोंद नाही. ती उठते आणि सरळ मंदिरात जाते.

तिथे ती ढसाढसा रडते, नवस करते. ओठ हलतात, आवाज बाहेर येत नाही. दाराशी बसलेला याजक एली तिला दारू प्यालेली समजतो आणि झापतो. ती घाबरून पळून जात नाही. "नाही, स्वामी," म्हणते, "मी दुःखी मनाची स्त्री आहे, मी परमेश्वरापुढे आपलं मन मोकळं केलं आहे." मग एली वरमून आशीर्वाद देतो. तिने काय मागितलं हे त्याने विचारलेलंसुद्धा नाही. पुढे यहुदी गुरूंनी प्रार्थना कशी करावी याचे नियम या बाईकडून घेतले, एलीकडून नाही. रोश हशानाच्या, म्हणजे यहुदी नववर्षाच्या पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, तिचीच कथा वाचतात.

त्या प्रसंगाचं शेवटचं वचन माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं आहे. ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तेव्हा तिचा मुलगा शमुवेल अजून पोटातही नव्हता. पनिन्ना त्याच पंगतीत होती. बदललं होतं एवढंच की तिने आपलं दुःख जिथे मांडायचं तिथे पूर्ण मांडलं होतं, रडून आणि हट्टाने. मी भरवसा म्हणते तो याला. आणि त्या अध्यायात दोनदा लिहिलंय की परमेश्वरानेच तिची कूस बंद केली होती, पण तिच्या पापामुळे असं एकदाही नाही. तुमच्यात काही खोट शोधणाऱ्यांना हे जरूर दाखवा.

तुम्हालाही मूल होईलच, असं मी लिहिणार नाही. शौल राजाची मुलगी मीखल हिला मरेपर्यंत मूल झालं नाही, हेही याच शास्त्रात आहे. आणि ज्यांना मूल होणं शक्यच नाही अशांना "मुलामुलींहून उत्तम असं नाव" देण्याचं वचन यशयाच्या ५६व्या अध्यायात आहे, तेही याच शास्त्रात. मंडळीत हा अध्याय बारशाइतक्या उत्साहाने वाचला गेला तर मला फार बरं वाटेल.

आज १ शमुवेलचा पहिला अध्याय वाचायला घ्या आणि १८व्या वचनावर थांबा. शमुवेलच्या जन्माचा भाग नंतर कधीतरी वाचा, घाई नाही.