वाचकांचे प्रश्न : स्लॅकलाइनवर उभे राहून जगलिंग

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून नोकरी करतो. महाविद्यालयात असल्यापासून मला तीन चेंडूंचे जगलिंग येते. गेल्या पावसाळ्यानंतर एका मित्राच्या नादाने स्लॅकलाइनही, म्हणजे दोन झाडांमध्ये ताणून बांधलेल्या पट्टीवर तोल सांभाळत चालणे, शिकलो आणि आता दहा मीटरची पट्टी न पडता पार करतो. मात्र पट्टीवर उभे राहून चेंडू उडवायला लागलो की दुसऱ्या-तिसऱ्या फेकीलाच खाली येतो. दोन महिने झाले, काहीच फरक नाही. चुकते कुठे?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : आपल्याला दोन्ही गोष्टी येतात, याबद्दल मला शंका नाही. अडचण अशी आहे की त्या दोन्ही गोष्टी एकाच हातांवर आणि एकाच डोळ्यांवर हक्क सांगतात. पट्टीवर चालताना आपले हात खांद्यांच्या वर पसरलेले असतात, तोल जाऊ लागला की पहिली दुरुस्ती तेच करतात, आणि नजर समोरच्या झाडावर, जिथे पट्टी बांधलेली असते तिथे, खिळलेली असते. जगलिंग सुरू होताच हात कोपरापाशी खाली येतात आणि नजर उडणाऱ्या चेंडूंमागे धावते. म्हणजे चालण्याचा ज्या दोन गोष्टींवर भरवसा होता त्या दोन्ही आपण एका क्षणात काढून घेता. त्यामुळे आता चेंडू बाजूला ठेवून, हात न वापरता तोल सांभाळणे नव्याने शिकावे लागेल.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. आपल्याकडे दोरीवरचा खेळ म्हटले की बांबूंच्या कैचीवर ताणलेली दोरी आणि हातात आडवी काठी घेऊन चालणारे डोंबाऱ्याचे मूल आठवते, किंवा सर्कशीतली तार. तार घट्ट ताणलेली असल्यामुळे ती फारशी हलत नाही. चालणारा आपले शरीर तिच्यावर आणत राहतो. स्लॅकलाइन ही नायलॉनची किंवा पॉलिस्टरची सपाट पट्टी, रुंदी बहुधा २५ किंवा ५० मिलिमीटर. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात मुक्काम ठोकणाऱ्या गिर्यारोहकांमध्ये हा खेळ रुजला. ही पट्टी पायाखाली डावी-उजवीकडे सरकते, आणि तोल जातो तेव्हा पाय आणि कंबर वापरून पट्टीलाच आपल्या शरीराखाली ओढून आणावे लागते. ही दुरुस्ती कमरेखाली होत असल्यामुळेच हात मोकळे करणे शक्य होते. काठी धरलेल्या डोंबाऱ्याला ही सोय नाही.

म्हणून सुरुवातीचे दोन-तीन आठवडे चेंडू पिशवीतच राहू द्यावेत. पट्टी आखूड, पाच-सहा मीटरची, चांगली ताणलेली आणि गुडघ्याच्या उंचीची ठेवावी. गुडघे किंचित वाकवून एका पायावर उभे राहावे आणि मोकळा पाय हवेत डोलू द्यावा, कारण हातांचे निम्मे काम हा पाय करतो. दोन्ही पाय पट्टीवर टेकले की तो आधार जातो, हे नवख्यांना उलटे वाटते. हात आधी छातीशी बांधून, मग कोपरे अंगाला लावून आणि तळवे वर करून, म्हणजे चेंडू झेलण्याच्या स्थितीत, ठेवावेत. वीस सेकंद असे उभे राहता येईपर्यंत पुढे जाऊ नये. त्यानंतर हातात चेंडू नुसते धरून उभे राहावे, मग एकच चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकावा, मग दोन. हा मधला टप्पा कंटाळवाणा आहे आणि बहुतेक जण तो गाळतात. आपणही गाळला असावा, असा माझा कयास आहे.

नजरेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जमिनीवर उत्तम जगलिंग करणारे अनेक जण प्रत्येक चेंडूचा पाठलाग करतात आणि त्यांना ते जाणवतही नाही, कारण जमीन हलत नाही. पट्टीवर मात्र डोके वर-खाली झाले की कानातील तोलाची यंत्रणा आणि डोळे वेगवेगळी साक्ष देऊ लागतात. उपाय असा की समोरच्या झाडावर डोळ्यांच्या उंचीवर खडूने एक खूण करावी, तिच्याकडे पाहत राहावे आणि चेंडूंचा सर्वांत वरचा बिंदू त्याच खुणेच्या अल्याड, नजरेच्या वाटेत येईल अशी फेक ठेवावी. चेंडू मग 'पाहावे' लागत नाहीत, ते दिसत राहतात. ज्यांच्या घरी आजी सागरगोटे खेळत असे त्यांना हे समजावून सांगायला नको : नजर वर गेलेल्या गोट्यावर असते आणि खालचे गोटे हात आपले आपण शोधतो. हा सराव जमिनीवर, अगदी घरात भिंतीसमोर उभे राहूनही होतो, आणि भिंत असल्याने चेंडू पुढे ढकलण्याची खोडही मोडते.

फेकीची उंची किती असावी, हेही विचारात घेण्यासारखे आहे. हातापासून साठ सेंटिमीटर वर गेलेला चेंडू सुमारे ०.७ सेकंदात परत येतो, तीस सेंटिमीटर वर गेलेला अर्ध्या सेकंदात. आणि पुरा एक सेकंद हवा असेल तर जवळपास सव्वा मीटर उंच फेकावे लागते. उंची वाढवून मिळणारा वेळ असा महाग पडतो, शिवाय उंच फेक थोडी वाकडी झाली तरी चेंडू दूर पडतो. कोपरापासून डोळ्यांपर्यंतचे अंतर साधारण साठ सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे वर सांगितलेली खूण आणि योग्य उंची यांचा मेळ आपोआप बसतो.

पट्टीच्या दिशेने तोंड करून उभे राहिल्यास तोल डावी-उजवीकडे जातो, आणि तीन चेंडूंच्या नेहमीच्या क्रमात चेंडूही डावी-उजवीकडेच ये-जा करतात. तेव्हा चेंडूंची नक्षी अरुंद ठेवावी, खांद्यांच्या बाहेर जाऊ देऊ नये. अंगापासून लांब गेलेला चेंडू सरळ पडू द्यावा. मी पहिल्या वर्षी अशाच एका सुटलेल्या चेंडूवर झेप घेतली होती आणि मनगट सुजवून तीन आठवडे घरी बसलो होतो.

चेंडूंबाबत थोडक्यात : टेनिसचे चेंडू नकोत. ते साठ ग्रॅमपेक्षाही हलके असतात, हातातून उसळतात आणि पडले की गटारापर्यंत पळतात. बाजरी भरलेले कापडी चेंडू, प्रत्येकी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, घरीही शिवता येतात. ते पडतात तिथेच बसतात. किनाऱ्यावर सराव करणार असाल तर सकाळची वेळ गाठावी, कारण दुपारी समुद्राकडून वारा सुटला की हलके चेंडू वाहवतात.

प्रश्न : माझ्या १२ वर्षांच्या मुलीला हा खेळ शिकायचा आहे. सोसायटीच्या आवारात एक गुलमोहर आणि एक पर्जन्यवृक्ष आहे, तिथे पट्टी बांधता येईल का? सासूबाईंचे म्हणणे, हा डोंबाऱ्याचा खेळ मुलीला कशाला.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : सासूबाईंना एखाद्या संध्याकाळी दादरला शिवाजी पार्कावर घेऊन जा. समर्थ व्यायाम मंदिरात दोरीच्या मल्लखांबावर मुली काय करतात ते पाहिल्यावर त्यांचे मत बदलेल, असे वाटते. आणि डोंबाऱ्यांच्या मुलींनी पोटासाठी रस्त्यावर जे कसब दाखवले, त्याला नावे ठेवण्याचा अधिकार टाळ्या वाजवून पुढे गेलेल्या आपल्यासारख्यांना नाही.

झाडांचे म्हणाल तर गुलमोहर टाळावा; त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि मुंबईत पावसाळ्यात तो कोसळल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. खोडाचा व्यास निदान तीस सेंटिमीटर असावा आणि पट्टीखाली जाड गोणपाट किंवा जुनी सतरंजी गुंडाळावी, म्हणजे साल सोलवटत नाही. एका बाजूला पर्जन्यवृक्ष चालेल, दुसऱ्या टोकासाठी दुसरे जाडजूड झाड शोधा. कुंपणाचा खांब किंवा गाडी यांना पट्टी बांधू नये, कारण ताणलेल्या पट्टीचा ओढा माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. सोसायटीच्या समितीला आधी विचारावे आणि महापालिकेच्या उद्यानात बांधणार असाल तर तेथील परवानगी घ्यावी. खाली फरशी किंवा पेव्हर ब्लॉक नसावेत, माती किंवा हिरवळ असावी. पावसात सराव बंद ठेवावा. नायलॉन भिजल्यावर अधिक ताणते आणि पायही घसरतो.

सराव संपला की पट्टी दररोज सोडून ठेवावी, नाहीतर तिन्हीसांजेला आवारातून जाणाऱ्या एखाद्या आजोबांच्या गुडघ्याला ती लागेल. रॅचेट, म्हणजे पट्टी ताणून धरणारी दातेरी कळ, उघडताना ताण एकदम सुटतो, तेव्हा पट्टीवर कोणी उभे नाही हे पाहावे, बोटे दूर ठेवावीत, आणि हे काम मुलीवर न सोपवता आपण स्वतः करावे.